कुणीतरी माझा ट्रक तपासा

एका दिव्यापायी एल्डन व्होंड्रा असुरक्षित ठरला.

दिवा म्हणजे काही मोठा दिवा नव्हे. ट्रेलरच्या कुशीला, मागच्या चाकाच्या वर, बोराएवढा पिवळा दिवा असतो, तो. ऐन दुपारी, डोळे दिपवणाऱ्या उन्हात तो लागत नव्हता. निघताना लागत होता, हे मर्लनं स्वतः पाहिलं होतं. वाटेत कुठल्याशा खड्ड्यात चाक आपटलं आणि दिव्यानं मान टाकली. नेमका पुढे महामार्गावरचा सरकारी वजनकाटा. काट्यावर ट्रक तपासणारी पोलीस सार्जंट जोलीन पोकोर्नी. तिनं ट्रकभोवती एक फेरी मारली, बोरापाशी थांबली आणि लिहिलं. मर्ल म्हणाला, "मॅडम, सूर्य बघा की केवढा आहे." ती म्हणाली, "सूर्य ट्रकला जोडलेला नाही." संपलं.

मर्ल टिकनर हा एल्डनचा मेहुणा आणि त्याच्या दुसऱ्या ट्रकचा ड्रायव्हर. पहिला ट्रक एल्डन स्वतः चालवायचा. तिसरा नव्हताच. हॉर्की गावच्या पॉपकॉर्नच्या कारखान्यातून मका भरायचा आणि ओमाहा शहरात नेऊन टाकायचा, एवढाच दोघांचा धंदा. एवढ्या वर्षांत दोघांनी कुणाच्या कुंपणाची काडीसुद्धा मोडली नव्हती. पण सरकारी संगणकाला न मोडलेली कुंपणं दिसत नाहीत. त्याला न लागणारा दिवा दिसतो.

त्या संगणकात प्रत्येक ट्रकमालकाला गुण असतात. शाळेत गुण वाढले की पाठ थोपटतात. इथे वाढले की पाठ सडकतात. आणि गुण मोजायची रीत ज्या कुणा शहाण्यानं काढली त्याला एकदा ट्रेलरच्या मागे बांधून ओमाहापर्यंत न्यायला हवं. पाचशे ट्रकांच्या कंपनीचा एक दिवा गेला तर तो समुद्रात थुंकल्यासारखा. कुणाला पत्ता लागत नाही. दोन ट्रकवाल्याचा एक दिवा गेला तर ते विहिरीत मेलेलं मांजर. अख्खी विहीर नासली. त्यातून आधीच्या वर्षी चाकामागचा रबरी पडदा फाटल्याची एक नोंद होतीच. दोन नोंदींत एल्डनचा आकडा असा उडाला की बायकोनं, लॅव्हॉननं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "एल्डन, हा आपला रक्तदाब आहे का?"

दोन दिवसांनी विल्मा स्ट्रोबेलचा फोन आला. कारखान्याची सगळी वाहतूक तिच्या हातात.

"एल्डन, तुझा आकडा रेषेच्या वर गेलाय."

"कुठली रेष?"

"विमेवाल्यांची. सुगी संपली की नवे करार. तोवर आकडा खाली आला नाही तर मला ओमाहाच्या मोठ्या कंपनीला बोलवावं लागेल."

"विल्मा, तुझे वडील खुर्चीत होते तेव्हापासून तुमचा मका ओढतोय मी."

"म्हणून तर फोन केला. बाकीच्यांना नुसतं पत्र गेलंय."

एल्डननं फोन ठेवला आणि बोटांवर हिशोब मांडला. करार गेला तर दुसरा ट्रक विकायला लागणार. दुसरा ट्रक गेला की मर्लची नोकरी गेली. बासष्टीच्या, गुडघे धरलेल्या मर्लला दुसरं कोण ठेवणार? आणि नोकरी गेलेला मर्ल राहणार कुठे? एल्डनच्या तळघरात. आपली अॅकॉर्डियनची पेटी घेऊन. लॅव्हॉनला भावाचं दुःख होत होतं. एल्डनला मेहुण्याचंही आणि अॅकॉर्डियनचंही.

अन्याय झाला असेल तर दाद मागायची सोय आहे, असं सरकारच्या संकेतस्थळावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. एल्डननं तीन संध्याकाळी खर्चून दाद मागितली. सूर्याबद्दल लिहिलं, खड्ड्याबद्दल लिहिलं, मर्लच्या सचोटीबद्दल एक परिच्छेद लिहिला, तो लॅव्हॉननं काढायला लावला. मग वाट पाहिली. ती दाद राजधानीत गेली, तिथून जिल्ह्याला आली, जिल्ह्यातून काट्यावर उतरली आणि काट्यावर ज्या टेबलावर पोचली त्या टेबलामागे सार्जंट जोलीन पोकोर्नी बसली होती. तुमच्या निकालाबद्दल तक्रार आहे, तुमचं मत काय, असं तिला विचारण्यात आलं. तिचं मत आलं. एकच ओळ: "दिवा लागत नव्हता."

"खरंच लागत नव्हता," मर्ल म्हणाला.

"तू गप्प बस."

हॉर्कीत पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात एक लांब टेबल आहे. सकाळी तिथे गावातले रिकामटेकडे कॉफी पितात आणि जगाचा कारभार पाहतात. त्या टेबलाचा मुख्य क्लिफर्ड हान्झेल. पूर्वी गुरं वाहायचा, आता फक्त मतं वाहतो. एल्डनची हकीकत ऐकून त्यानं कप खाली ठेवला.

"तुला चूक पुसायची घाई आहे. चूक पुसली जात नसते एल्डन, ती पातळ करायची असते."

"म्हणजे?"

"निर्दोष तपासणी. ट्रक नीट तपासला, काही सापडलं नाही, असा कागद झाला की तोही संगणकात जातो. असा एक कागद आला की तुझा आकडा रेषेखाली."

"मग आजवर माझे का नाहीत? मला कितीदा तरी थांबवलंय. बघतात, वाकतात, टायरला लाथ मारतात आणि 'ठीक आहे, जा' म्हणतात."

"'ठीक आहे, जा' हे तोंडानं म्हणतात," क्लिफर्ड म्हणाला. "'ठीक नाही' हे लेखी असतं."

एल्डनला कानशिलात बसल्यासारखं झालं. आयुष्यभर तो 'ठीक आहे, जा' ऐकून टोपीला हात लावत, आभार मानत निघून गेला होता. आभार! आपल्या चांगुलपणाची नोंद हवेत सोडून देणाऱ्यांचे आभार!

आता एकच काम. तपासून घ्यायचं.

एल्डननं शनिवार-रविवार ट्रक धुतला. प्रत्येक दिवा काढला, पुसला, बसवला. ब्रेक पाहिले, नळ्या पाहिल्या, टायरच्या खाचांत नाणं घालून खोली पाहिली. चाकांचे नट टूथब्रशनं घासले. टूथब्रश मर्लचा होता, हे मर्लला नंतर कळलं. लॅव्हॉन अंगणातून म्हणाली, "आपल्या लग्नात तू एवढी आंघोळ केली नव्हतीस."

सोमवारी तो काट्यावर गेला. हिरवा दिवा, म्हणजे तपासणी नाही. जा. तो पुढच्या फाट्यावरून वळला, मैलभर मागे जाऊन पुन्हा काट्यावर आला. हिरवा. जा. तिसऱ्या वेळी मात्र तो थांबलाच. काच खाली केली. खिडकीत पोकोर्नी आली.

"काय झालं?"

"सार्जंट, माझा ट्रक तपासा."

"का? काय बिघडलंय?"

"काही नाही. म्हणून तर."

तिनं डोळे बारीक केले. "मिस्टर व्होंड्रा, कुणाला तपासायचं ते मी ठरवते. हे न्हाव्याचं दुकान नाही, बसलं की हजामत करून द्यायला." मग जरा मवाळ होऊन तिनं ट्रककडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सुंदर ठेवलाय. ठीक आहे, जा."

ठीक आहे, जा! एल्डन घरापर्यंत रेडिओ न लावता आला.

"चूक तुझीच," दुसऱ्या दिवशी क्लिफर्डनं निकाल दिला. "एवढा चकचकीत ट्रक कोण थांबवेल? पोलिसाला घाण दिसली पाहिजे. घाण दिसली की तो वाकतो. वाकला की त्याला कळतं, आतून माल पक्का आहे. चिखल लाव."

असा सल्ला शहाण्या माणसानं कानाआड टाकला असता. पण माणूस अपमानानं पोळलेला असला की त्याला सल्ला हा शब्दच तेवढा ऐकू येतो. एल्डन ओढ्यावर गेला, दोन बादल्या काळा चिखल आणला आणि रंगाऱ्याच्या ब्रशनं, अगदी मन लावून, दोन दिवस धुतलेला ट्रक माखला. त्यात एक कलाकुसर आली. दारावर थोडे शिंतोडे, चाकांवर जाड थर, ट्रेलरच्या मागे एक झोकदार फराटा. मर्ल बाजूला उभा राहून सूचना देत होता: "डावीकडे जरा फिकट वाटतंय."

काट्यावर लाल दिवा लागला. एल्डननं स्टीअरिंगवर हात आपटला. "लागला! लागला!"

पोकोर्नी आली, ट्रकमागे गेली आणि बराच वेळ तिकडेच राहिली. परत आली तेव्हा तिच्या हातात कागद होता. नंबरप्लेट वाचता येत नाही, मागचे दिवे चिखलानं झाकलेले.

"हा चिखल वाळलेला आहे," ती म्हणाली. "आठवडाभर पाऊस नाही. कुठून आणलात?"

एल्डनला खोटं बोलता येत नव्हतं. हीच या माणसाची आयुष्यभराची अडचण. "ओढ्यावरून," तो म्हणाला.

"ट्रक ओढ्यात घातला होतात?"

"नाही. ओढा ट्रकवर आणला."

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर पाहतो, आजार कळल्यावर नव्हे, न कळल्यावर.

आकडा पुन्हा चढला. विल्माचा पुन्हा फोन आला. या वेळी ती फार हळू आवाजात बोलली, आणि हळू आवाज म्हणजे काय ते एल्डनला कळत होतं. शुक्रवारी ती ओमाहाला जाणार होती, मोठ्या कंपनीशी बोलणी करायला. तिनं सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण हॉर्कीत लोक तोंडावर सांगतात. पाठीमागे करण्याइतकं गाव मोठं नाही. मर्लनं तळघराची खिडकी मोजली. पडदा लागेल, म्हणाला.

आतापर्यंत लॅव्हॉननं यात हात घातला नव्हता. गुरुवारी तिनं पीठ मळायला घेतलं.

"काय करतेस?"

"कोलाचे. तुम्ही पुरुष माणसं. धुता काय, माखता काय. ती बाई दिवसभर काट्यावर उन्हात उभी असते. तिला कुणी काही खायला विचारलंय का कधी? आडनाव पोकोर्नी, म्हणजे आपल्याच पूर्वजांच्या मुलखातली. तिला कोलाचे दे, माणसासारखं बोल, काय अडचण आहे ती सांग. ऐकेल ती."

कोलाचे म्हणजे मऊ गोल पाव, मध्ये जर्दाळूचा मुरंबा. या मुलखात कुणी आजारी पडलं की कोलाचे, कुणी मेलं की कोलाचे, नवा पाद्री आला की कोलाचे, शेजाऱ्याची गाय व्याली तरी कोलाचे. कुणाच्या दारात रिकाम्या हातानं जायचं असतं हेच इथे कुणाला माहीत नाही. त्यामुळे पोलिसाच्या दारात भरल्या हातानं जाण्याचा काही वेगळा अर्थ होतो, हे लॅव्हॉनच्या मनात आलं नाही. एल्डनच्याही नाही. दोघांचं भाबडेपण सारखं होतं. संसार त्याच्यावरच टिकला होता.

शुक्रवारी सकाळी ट्रक पुन्हा धुतलेला, मका भरलेला. एल्डन काट्यावर थांबला, उतरला आणि रुमालानं झाकलेली टोपली पुढे केली.

"हे तुमच्यासाठी. बायकोनं केलेत. जर्दाळूचे."

सार्जंट पोकोर्नी मागे सरली. तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"मिस्टर व्होंड्रा. काय दडवताय?"

"काही नाही हो!"

"तीनदा चकरा मारल्यात. मग चिखल फासलात. आता पाव." तिनं टोपलीकडे पाहिलं. वास तिच्यापर्यंत पोचला होता हे तिच्या नाकपुड्यांवरून कळत होतं. तिची आजीही कोलाचेच करत असणार. पण बाई ढळली नाही. "टोपली आत ठेवा. ट्रक शेडमध्ये घ्या. इंजिन बंद, दिवे सगळे चालू. आज मी बघणार आहे."

आणि तिनं पाहिलं! पाठीवर आडवी होऊन ती ट्रकखाली गेली, तर बाहेर फक्त बूट दिसत होते. ब्रेक मोजले, नळ्या चाचपल्या, साखळ्या ओढून पाहिल्या, दिव्यांपाशी एकेक करून थांबली. बोराएवढ्या दिव्यापाशी तर इतका वेळ थांबली की एल्डनही वाकून पाहू लागला. तासभर गेला. शेवटी ती बाहेर आली, केसांत वंगण, गालावर काळा पट्टा, आणि चेहऱ्यावर उघड निराशा.

"काही नाही," ती म्हणाली.

"काहीच नाही?"

"टाचणीएवढंसुद्धा नाही." तिनं हात पुसले. "ठीक आहे, जा."

एल्डन चढला. ट्रक सुरू केला. शेडबाहेर, बाहेर पडायच्या चिंचोळ्या वाटेवर आणला. आणि तिथे त्याला काय झालं कुणास ठाऊक. त्यानं ट्रक थांबवला, इंजिन बंद केलं, किल्ली खिशात घातली आणि खाली उतरला.

"लिहून द्या."

"काय?"

"काही नाही हे लिहून द्या."

"मिस्टर व्होंड्रा, मागे रांग लागलीय. मला वेळ नाही. वाट अडवू नका, नाहीतर त्याबद्दल लिहीन."

"लिहा!" एल्डन ओरडला. आयुष्यात तो पोलिसावर पहिल्यांदाच ओरडत होता, आणि आवाज मध्येच फाटला. "खुशाल लिहा! पण त्याच्या वर हे लिहा की ब्रेक चांगले आहेत. दिवा गेला तेव्हा वेळ होता तुम्हाला. चिखल दिसला तेव्हा वेळ होता. माझं वाईट लिहायला कधी रांग आड आली नाही तुमच्या. चांगलं लिहायच्या वेळीच बरी रांग लागते! त्या संगणकात मी कोण आहे माहितीय? मी खुनी आहे तिथे. माझा मेहुणा तळघरात यायला निघालाय, अॅकॉर्डियन घेऊन! मी तुमच्याकडे दया मागत नाही. तुम्ही तासभर पाहिलंत ना? मग जे पाहिलंत ते लिहा. एवढंच. जे पाहिलंत ते!"

गालावरचा काळा पट्टा पोकोर्नीनं मनगटानं पुसला, तो आणखी पसरला.

"असा कागद आजवर कुणी मागितला नाही," ती म्हणाली. "सगळ्यांना पळायची घाई असते."

"मला नाही."

ती आत गेली. टेबलाशी बसली. लिहू लागली.

एल्डनच्या मागे मोठ्या कंपनीचा चकचकीत ट्रक उभा होता. त्याचा ड्रायव्हर उतरून आला, भांडायला. हकीकत ऐकली आणि भांडण विसरला. "म्हणजे मागितला तर मिळतो?" तो म्हणाला. "मग मलाही हवा." त्याच्या मागच्यानं हे ऐकलं. त्याच्या मागच्यानं त्याच्या मागच्याला सांगितलं. थोड्या वेळात रांगेतले सगळे ड्रायव्हर खाली उतरून, हाताची घडी घालून उभे होते. कुणीच पुढे जायला तयार नाही. गुरंवाला, दूधवाला, मुलांच्या झोपाळ्यांचे सांगाडे वाहणारा एक कृश गृहस्थ, सगळे म्हणत होते, आम्हाला तपासा. रांग काट्याबाहेर गेली, उतारावरून महामार्गावर गेली, आणि मागे मोटारींचे भोंगे सुरू झाले.

त्या मोटारींपैकी एकीत विल्मा स्ट्रोबेल होती. ओमाहाला निघालेली.

ती रस्त्याच्या कडेनं चालत आली. उंच टाचांचे बूट हातात, पायमोजे धुळीनं माखलेले, आणि तोंडाचा पट्टा सुरू. "कोण आहे तो मूर्ख? कुणी अडवलाय रस्ता?" मग तिला पाठमोरा एल्डन दिसला. "अरे देवा. तूच असणार."

तेवढ्यात पोकोर्नी बाहेर आली आणि तिनं कागद एल्डनच्या हातात ठेवला. त्यानं तो वाचला. पुन्हा वाचला. मग विल्माला दिला.

"ब्रेक: दोष नाही," विल्मा मोठ्यानं वाचू लागली. "टायर: दोष नाही. दिवे: दोष नाही." ती थांबली. "एल्डन, हे संगणकात चढायला महिना जाईल. माझे करार येत्या आठवड्यात आहेत. मी विमेवाल्यांना काय सांगू?"

"मला काय माहीत?" एल्डन म्हणाला. त्याचा सगळा राग ओसरला होता. राहिला होता नुसता दमलेला माणूस.

"त्यांना माझा फोन नंबर द्या," पोकोर्नी म्हणाली.

दोघंही तिच्याकडे पाहू लागले.

"विचारू दे त्यांना मला. मी या ट्रकखाली तासभर पडले होते. इतका वेळ मी माझ्या नवऱ्याचंही ऐकून घेतलेलं नाही. मी शोधत होते, मिसेस... कोण तुम्ही?"

"स्ट्रोबेल."

"मिसेस स्ट्रोबेल, मी जीव तोडून शोधत होते. मला सापडलं नाही. याच्याहून बरा ट्रक मी या वर्षी पाहिलेला नाही, आणि हे मी शपथेवर सांगेन."

विल्मानं कागदाची घडी घातली. खाली बसली, बूट चढवले, उभी राहिली. "महिनाभर मी विमेवाल्यांना थोपवते," ती म्हणाली. "करार तुझाच. आता देवाच्या नावानं हा ट्रक हलव, म्हणजे मला घरी वळता येईल."

ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. झोपाळेवाला गृहस्थ तर रडलाच. त्याचं काय दुखत होतं कुणास ठाऊक. एल्डन ताठ मानेनं केबिनमध्ये चढला, टोपी सारखी केली आणि किल्ली फिरवली.

ट्रक एकदा कण्हला आणि गप्प झाला.

पुन्हा किल्ली. टक. नुसतं टक. तासभर इंजिन बंद आणि दिवे सगळे चालू, शेडमध्ये. वर आता या भांडणात दिवे मालवायचे कुणाला सुचले होते? बॅटरीत होता नव्हता तो जीव मघाच्या दहा पावलांत संपला होता.

विल्मानं पोकोर्नीकडे पाहिलं. पोकोर्नीनं हातातल्या पेनाकडे पाहिलं. एल्डननं खिडकीतून मान बाहेर काढली.

"सार्जंट," तो म्हणाला, "बॅटरी नियमात येते का हो?"

"येते," पोकोर्नी म्हणाली. "घट्ट बसवलेली असली पाहिजे."

"घट्ट आहे."

"मी पाहिलीय. घट्ट आहे."

"मग?"

सगळा नियम पोकोर्नीनं मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला असावा.

"जिवंत असली पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही," ती म्हणाली. पेन तिनं खिशात घातलं, खिशाचं बटण लावलं आणि रांगेकडे वळून ओरडली, "बॅटरीला बॅटरी जोडायच्या वायरी कुणाकडे आहेत?"

रांगेतल्या झाडून सगळ्या ट्रकांची दारं उघडली.